अडीच सेकंदांचा धंदा

आधी एक विचारतो, अमेरिकन फुटबॉलची अख्खी मॅच इथे कोणी बघितलीय? तीन हात. बरं, म्हणजे क्वार्टरबॅक कोण इथपासूनच सुरुवात करावी लागणार. बॉल त्याच्या हातात येतो, समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला सुटतात, आणि त्याच्याकडे असतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात त्याने बघायचं आपला कोण मोकळा आहे, म्हणजे आहे पण नाही, मोकळा होणार आहे, आणि बॉल तिथे फेकायचा. उंची, दंड वगैरे दिसायला झकास, पण खरा धंदा या अडीच सेकंदांचा.

आता कर्ट वॉर्नर, असाच एक क्वार्टरबॅक. जन्म १९७१चा, आयोवातला. कॉलेजात पाचव्या वर्षी कुठे मेन क्वार्टरबॅक झाला. १९९४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या (एनएफएलच्या) टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, कोणी उचलला नाही, ग्रीन बे पॅकर्स या टीमने कॅम्पला बोलावलं, तिथे ब्रेट फार्व्हसारखा नावाजलेला क्वार्टरबॅक आधीच बसलेला, याला घरी पाठवलं. मग हायव्ही नावाच्या किराणा सुपरमार्केटमध्ये नाइट शिफ्टला रॅक भरायचं काम, तासाला साडेपाच डॉलर. ही रॅकवाली गोष्टच सगळे सांगतात, फॉरवर्ड करायला बरी पडते, मला तिच्यात फारसा रस नाही.

मला रस आहे पुढच्या तीन वर्षांत. १९९५ ते ९७ तो अरीना फुटबॉल खेळला, आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून. हा प्रकार काय, तर छपराखाली, छोट्या मैदानावर, शंभराऐवजी पन्नास यार्ड, अकराऐवजी आठ माणसं, कडेला गादी लावलेल्या भिंती. मोठ्या लीगवाले याला सर्कस म्हणून हसायचे. पण बघा, जागाच अर्धी म्हटल्यावर विचाराला वेळही तेवढाच कमी, बॉल हातात आला की गेलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही भिंतीवर. गल्लीत वन टिप वन हँड खेळलेल्या पोराचे हात जसे आपोआप तयार होतात ना, तसंच काहीसं. मग १९९८ला अ‍ॅमस्टरडॅमला एक सीझन, मग मोठ्या लीगमधल्या सेंट लुइस रॅम्समध्ये तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. १९९९ला क्लीव्हलँडची टीम नव्याने उभी राहत होती तर रॅम्सने याला त्यांच्यापुढे मोकळा सोडला, की न्यायचा तर न्या. नेला नाही!

त्याच वर्षी सराव मॅचमध्ये रॅम्सच्या मेन क्वार्टरबॅकचा, ट्रेंट ग्रीनचा, गुडघा गेला. कोच डिक व्हर्मील पत्रकारांसमोर अक्षरशः रडले आणि म्हणाले, आता वॉर्नरला धरून खेळू. त्या सीझनला पठ्ठ्याने ४१ टचडाउन पास (बॉल थेट समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार पोचवणारे) फेकले, लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि ३० जानेवारी २०००ला अटलांटात टेनेसीविरुद्धची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, २३-१६ने जिंकली. स्कोअर १६-१६ असताना शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत टीममधल्या आयझॅक ब्रूसला दिलेला ७३ यार्डांचा पास जरूर बघा, फेकता फेकताच त्याला दणका बसलाय, बॉल किंचित आखूड पडलाय, ब्रूसने मागे वळून तो घेतला. म्हणजे थोडं नशीबही आलं, नाही कोण म्हणतंय.

२००१ला परत एमव्हीपी, पण सुपर बोल टॉम ब्रेडीच्या न्यू इंग्लंडकडून हरला. नंतर हाताचं बोट मोडलं, बॉल हातातून सुटायला लागला, रॅम्सने काढला, न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला तर त्यांनी नवख्या क्वार्टरबॅकसाठी, एलाय मॅनिंगसाठी, बाकावर बसवला. लोक म्हणाले संपला. आणि २००८च्या सीझनला ॲरिझोना कार्डिनल्ससारख्या कायम मार खाणाऱ्या टीमला घेऊन हा सदतिशीचा माणूस सुपर बोलपर्यंत पोचला! हरले, २७-२३, पिट्सबर्गने ३५ सेकंद शिल्लक असताना हातातली मॅच नेली.

शेवटची मॅच जानेवारी २०१०, न्यू ऑर्लिन्सला. याचा पास समोरच्याने पकडला, हा त्याला अडवायला निघाला आणि दुसऱ्याने छातीवर असा ठोकला की उठेना. सेकंड हाफला परत आला, ४५-१४ हरले, त्याच महिन्यात रिटायर. आयुष्यभर ज्याने दणका बसायच्या आत बॉल सोडला, त्याला तो बसला तेव्हा बॉल त्याच्या हातात नव्हताच.