प्लग काळा का पडला?

सकाळचे सात, ऑगस्ट महिना, यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रोडला लागून असलेलं वावर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मांडीला लागायला आलीये आणि धुऱ्यावर फवारणीचा पेट्रोल पंप ठेवलाय. भाऊ दोरी ओढताहेत पाहा. परत. परत. कॅमेरा चालूच होता म्हणून नंतर मोजता आलं, बावीस वेळा ओढली. पंप एकदा फुर्र करतो आणि बसतो.

आता ते काय करणार हे इकडच्या कोणत्याही पोट्ट्याला माहीत आहे, प्लग काढणार, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग. निघाला, काळाकुट्ट, वरून ओला. शर्टाला पुसला, तोंडानं फुंकर मारली, परत लावला. नाहीच झालं तर गावात जाऊन नवीन प्लग आणायचा, या हंगामातला हा तिसरा. आम्हाला हा व्हिडिओ एवढ्यासाठीच करायचा होता, कारण प्लग बदलतात सगळेच, तो काळा का पडला हे कोणी विचारत नाही.

हे मिस्त्रींचं दुकान. शटर अर्धं ओढून अंधार केलाय, आजूबाजूला पेट्रोल नाही हे आधी पाहून घेतलं. प्लगला कॅप लावली, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. दिसली ती निळी रेघ? एवढीशी ठिणगी, हिच्यावर गाडी चालते. ती जिथून उडी मारते ती फट छोट्या इंजिनात बहुतेक 0.6 ते 0.7 मिलिमीटरची असते, पण हवा विजेला सहज जाऊ देत नाही, त्यामुळे तेवढ्या फटीसाठीसुद्धा हजारो व्होल्ट लागतात, बॅटरीच्या 12 व्होल्टचं तिथं काहीच चालत नाही. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आतही पडते असं धरून चालू नका, आत हवा दाबलेली असते, तिथं जास्त जोर लागतो, म्हणून कॉइल, म्हणजे प्लगला हे व्होल्ट देणारं तारेचं गुंडाळं, अशक्त असेल तर बाहेर पास होते आणि आत नापास.

बरं, फवारणीच्या पंपाला तर बॅटरीच नाही, मग एवढे व्होल्ट येतात कुठून? त्यासाठी मिस्त्रींनी जुन्या लुनाचं मॅग्नेट खोललं, हा शॉट आम्हाला फार आवडला. हे फिरणारं चाक, याच्या आत चुंबक बसवलेत. चुंबक कॉइलपुढून गेलं की तारेत करंट तयार होतो, जाड तारेचे थोडे वेढे आणि त्याच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, आणि खरी करामत अशी की जाड तारेतला करंट ऐन वेळेला झटक्यात तोडायचा, तोडला की बारीक तारेत व्होल्टेज एकदम उसळतं आणि प्लगवर जातं. तोडायचं काम हे पॉइंट करायचे, ही दोन छोटी टोकं. बाजूला कंडेन्सर, नाहीतर पॉइंटवरच ठिणग्या पडून ते जळायचे. लुना, राजदूत असलेल्या घरात काचपेपरचा तुकडा कायम असायचा, पॉइंट घासायला. मॅग्नेटोला, म्हणजे या चुंबक-कॉइलच्या जोडणीला, ठिणगीच्या प्लगची जोड 1902 साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं दिली, आणि आज धुऱ्यावरच्या पंपात तीच युक्ती आहे, फक्त पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं. सीडीआय म्हणतात त्यात करंट आधी कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टवर साठवतात आणि तो एकदम कॉइलमध्ये सोडतात, घासायला काही उरतच नाही.

पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला 6000 फेरे धरले तर सेकंदाला शंभर! बाइकचं फोर-स्ट्रोक, तिथं दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं, तरी बऱ्याच बाइकचा प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो, त्यातली एक धूर बाहेर जाताना वाया जाते, त्यानं बिघडत काही नाही. ही पल्सर पाहा, एका सिलेंडरला दोन प्लग, 2003 पासून. दोन्हीकडून पेटवलं की मिश्रण लवकर आणि नीट जळतं. आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी पडते, जळायला वेळ लागतो म्हणून. किक मारताना ती फारच आधी पडली तर किक उलटी पायावर येते, जुनी गाडी चालवलेल्यांना हे सांगायला नको.

ट्रॅक्टरच्या इंजिनच्या आत कॅमेरा घालता आला नाही म्हणून थोडक्यात. डिझेलला ठिणगी लागतच नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली की 500 डिग्रीच्या वर तापते, नोझलनं त्यात डिझेल मारलं की आपोआप पेटतं. काही इंजिनात हीटर प्लग असतो तो फक्त थंडीत सुरू करताना मदतीला.

आता हे पोतं. यावर मिस्त्रींनी वर्षभरातले काढलेले प्लग मांडलेत, आणि आमच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. हा चहाच्या रंगाचा, कोरडा, याचं इंजिन ठणठणीत. हा कोरडा काळा, हाताला काजळी लागते, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, चोक ओढलेला राहिला असेल नाहीतर फिल्टर धुळीनं बुजला असेल. हा ओला काळा, तेल जातंय. हा पांढराफटक, टोक भाजल्यासारखं, इंजिन तापतंय, याच्याकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टनवर येतं. काजळी जळून जायला प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे डिग्रीपर्यंत तापावं लागतं, म्हणून प्लगमध्येही गरम आणि थंड असे प्रकार असतात. नंबर पाहून घ्या, एका कंपनीत नंबर वाढला की प्लग थंड आणि दुसऱ्या कंपनीत नेमकं उलटं, दुकानदार देईल तो लावू नका.

मिस्त्रींनी भाऊंना एकच विचारलं, टूटी ऑइलचं, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं, "भाऊ, टूटी ऑइल कसं मोजता?"

"मोजाले काय लागते, झाकण भरून टाकतो, वरून थोडं जास्त. इंजिनले चांगलंच ना."

पंपाच्या पुस्तकात 50 ला 1 लिहिलंय, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली ऑइल. 25 ला 1 लिहिलेलं असतं तर 40 लागलं असतं. भाऊंचं मोजलं तर साठच्या वर गेलं. तीन प्लग तिथं गेले.

फुंकरीचंही सांगतो, औषधाच्या हातानं काढलेल्या प्लगवर तोंड नेऊ नका, 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेलेत, आधी हात धुवा मग पाना धरा.

हे दुसऱ्या दिवशीचं. इंजेक्शनच्या सिरींजनं ऑइल मोजलं, फिल्टर धुऊन वाळवला, जुनाच प्लग साफ करून फट गेजनं लावली. तिसऱ्या दोरीला पंप सुरू झाला, जरा आवाज ऐका.

संध्याकाळी भाऊंनी स्वतःच प्लग काढून उजेडात धरला. अजून काळाच आहे, पण कोरडा. मिस्त्री म्हणतात आतलं जुनं तेल जळायला अजून दोन टाक्या जातील.