पोलिसांना फोन का करता येत नाही?

मित्रहो, भयपट पाहताना आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो की ही माणसे सरळ पोलिसांना फोन का करत नाहीत. बहुतेक पटकथा मोबाइलची रेंज घालवून किंवा गाडी बंद पाडून या प्रश्नातून सुटका करून घेतात. डेव्ह फ्रँको यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात, म्हणजे २०२० सालच्या ‘द रेंटल’मध्ये, या प्रश्नाला वेगळेच उत्तर मिळते, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे. शेवट सांगितल्यावाचून ते शक्य नाही, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी मला क्षमा करावी.

कथा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनमध्ये घडते. चार्ली आणि त्याची बायको मिशेल, चार्लीचा धाकटा भाऊ जॉश आणि जॉशची मैत्रीण मीना असे चौघे समुद्रकाठच्या कड्यावरचे एक घर सुट्टीसाठी भाड्याने घेतात. मीना ही चार्लीची व्यवसायातली भागीदारही आहे. घर आधी तिनेच मागितले होते, पण तिला नकार मिळाला आणि पाठोपाठ चार्लीने मागताच ते मिळाले. तिचे आडनाव मोहम्मदी आहे हे लक्षात घेतले, म्हणजे घराची देखभाल करणाऱ्या टेलरला ती का जाब विचारते हे कळते. पटकथेची ही खेळी मला फार हुशारीची वाटते, कारण तिच्यामुळे संशयाला आयता चेहरा मिळतो आणि प्रेक्षकही मीनाची बाजू घेता घेता चुकीच्या माणसावर पाळत ठेवू लागतो.

पहिल्या रात्री बाकीचे दोघे झोपल्यावर चार्ली आणि मीना शॉवरखाली एकत्र येतात. पुढे मीना तिथेच अंघोळीला उभी असताना तिची नजर वर जाते आणि पाण्याच्या छिद्रांआड बसवलेला कॅमेरा तिला दिसतो. कोणत्याही पाहुण्याने अशा वेळी आरडाओरडा केला असता. मीना मात्र ही गोष्ट फक्त चार्लीला सांगते, कारण ज्या चित्रीकरणाने गुन्हेगार सापडेल त्याच चित्रीकरणात या दोघांचे पापही टिपले गेले आहे. पुरावा उघड करायचा तर स्वतःला उघडे पाडावे लागते. इथून पुढची भीती अंधाऱ्या खोल्यांतून येत नाही, ती जेवणाच्या टेबलाशी चौघे हसत बसलेले असताना दोघांच्या गप्प राहण्यातून येते. मंद आचेवरचा भयपट म्हणतात तो हा, आणि आच या दोघांनीच लावलेली आहे.

हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’मध्ये मोटेलच्या भिंतीला भोक होते, पण त्या भोकाला डोळा लावणाऱ्या माणसाला नाव होते, आई होती, आणि शेवटी त्याच्या मनाचा उलगडा करणारा एक डॉक्टरही होता (तो उलगडा मला नेहमीच जरा लांबलेला वाटतो). ‘द रेंटल’मध्ये मुखवटा घालून पाळत ठेवणाऱ्या आणि खून करणाऱ्या माणसाविषयी आपल्याला काहीही सांगितले जात नाही. टेलरला तोच मारतो, पण चौघांना वाटते की कॅमेऱ्याच्या संशयावरून जॉशने केलेल्या मारहाणीतच टेलर गेला. मग तेच त्याचे प्रेत कड्यावरून समुद्रात टाकतात, आणि खऱ्या खुन्याचे काम त्यांच्याच हातून सोपे होते. त्यानंतरचा पाठलाग, धुके आणि एकेकाचा बळी हा भाग मला घाईचा आणि ओळखीच्या वळणाचा वाटला, कारण तोवर खुनी हातोडा घेऊन आला नसता तरी ही चार माणसे एकमेकांच्या दृष्टीने संपलेलीच होती.

सुट्टीसाठी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने २०२४ साली घराच्या आत कॅमेरे ठेवण्यावर सरसकट बंदी घातली. लपवलेल्या कॅमेऱ्यांना तिथे आधीही परवानगी नव्हती, परंतु पाहुण्यांना आगाऊ सांगून दिवाणखान्यासारख्या जागी ते ठेवता येत असत. ‘द रेंटल’मधला माणूस मात्र घराचा मालक नाही, नियम मालकाला बांधतात. तो पाहुणा म्हणून येतो, आपली उपकरणे शांतपणे बसवतो आणि निघून जातो. शेवटी तो नव्या घरात हेच करताना दिसतो, आणि श्रेयनामावलीबरोबर दुसऱ्याच कोणा पाहुण्यांची चोरून टिपलेली दृश्ये पडद्यावर सरकू लागतात.