लॉनला वाफसा येऊ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-तीन दिवस कोसळून पाऊस थांबला, उघडीप मिळाली, आणि हिरवळीवर जागोजागी पाणी उभं आहे. अशा वेळी हात शिवशिवतात. गवत वाढलेलं दिसतं म्हणून मॉवर बाहेर काढावासा वाटतो. कुठे पिवळेपणा दिसला की खताची मूठ टाकावीशी वाटते. ही दोन्ही कामं करायची आहेत, पण आज नाहीत. पावसानं लॉनचं होतं त्याहून जास्त नुकसान पुष्कळदा पुढच्या दोन दिवसांत आपले पाय आणि आपलं मशीन करतं.

आधी पाणी साचल्यावर जमिनीत काय होतं ते पाहू. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि एरवी त्यांतल्या बऱ्याच हवेनं भरलेल्या असतात. मुळं श्वास घेतात ते याच हवेवर. पाणी तुंबलं की हवा बाहेर ढकलली जाते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्यापेक्षा पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे उरलासुरला प्राणवायू मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात आणि वरून नवा पोहोचत नाही. सगळ्यांत आधी मुळांची कोवळी टोकं मरतात, आणि पाणी ओढण्याचं काम त्यांचंच असतं. म्हणूनच एक विचित्र दृश्य दिसतं. माती चिंब ओली असते आणि गवत मात्र तहानल्यासारखं निळसर-करडं पडतं. पाती सुरळीसारखी गुंडाळतात, चाललं तर पावलाचा ठसा उठून राहतो. हे पाहून कुणी पाइप लावला तर उरलेली मुळंही गुदमरतात. त्या गवताला हवा हवी असते.

म्हणून पहिलं काम साचलेलं पाणी काढण्याचं. थंड, ढगाळ हवेत गवत पाण्याखाली काही दिवस तग धरतं. पण पाऊस थांबून कडक ऊन पडलं, तर वीतभर खोल पाण्यापेक्षा बोटभर पाणी जास्त घातक असतं. ते लवकर तापतं आणि काही तासांत पाती उकडल्यासारखी मऊ पडतात. तेव्हा ऊन चढायच्या आत, सकाळीच, लांब दांड्याचा वायपर किंवा खराटा घ्या आणि काठावर उभं राहून पाणी उताराकडे लोटा. मध्यभागी जावंच लागलं तर एक रुंद फळी टाका आणि फळीवरच उभे राहा, म्हणजे वजन एका टाचेवर न येता पसरेल. खोलगट जागेतलं पाणी डब्यानं उपसता येतं. काठाला फावड्यानं छोटा तात्पुरता चर काढला तरी चालतो, नंतर तो बुजवता येतो. पहारीनं भोकं पाडायला मात्र जाऊ नका. खालची मातीही पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे पाणी कुठेच जात नाही. उलट ओल्या मातीत पहारीच्या दाबानं भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होऊन बंद होतात.

पाण्याबरोबर गाळ वाहून आला असेल तर तो अजून ओला असतानाच हलवायचा. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा थर पाइपच्या हलक्या फवाऱ्यानं पातींवरून धुऊन काढता येतो, अर्थात धुतलेलं पाणी बाहेर जायला वाट असेल तर. दोन-तीन सेंटिमीटरचा थर सपाट फावड्यानं खरवडून घमेल्यात भरावा लागतो. पाच सेंटिमीटरच्या वर गाळ बसला आणि तसाच राहिला, तर खालचं गवत बहुतेक हातचं गेलंच समजा. पाती दिसू लागली म्हणून गाळ अर्धवट काढून सोडू नका. बारीक गाळाचा पातळ थरसुद्धा वाळल्यावर झाकणासारखा बसतो आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच्यावरच थबकतं. गाळ सांडपाण्याचा असेल तर हातमोजे, बूट घाला आणि लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना काही दिवस तिकडे फिरकू देऊ नका.

पाणी हललं, आता थांबायचं. किती दिवस, हे कॅलेंडर सांगत नाही, माती सांगते. शेतकऱ्याच्या तोंडी यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. जमीन ओली आहे पण चिखल नाही, ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. वाफसा ओळखायला उपकरण लागत नाही. खुरप्यानं पाच ते सात सेंटिमीटर खालची माती काढा आणि मुठीत दाबा. बोटांच्या फटींतून पाणी आलं किंवा गोळ्यावर ओली चकाकी दिसली, तर लॉनवर पाय ठेवायचा नाही. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर लांबट वळकटी होऊन वाकला, तरी अजून एक दिवस. गोळा टोचताच भुसभुशीत फुटला, की वाफसा आला. रेताड जमिनीत हे दिवसाभरात होऊ शकतं, भारी चिकणमातीत चार-पाच दिवसही लागतात. माती काढताना तिचा वासही घ्या. कुजक्या अंड्यासारखा वास आणि काळपट-निळसर रंग असेल, तर तिथे पाणी या एका पावसात नव्हे, बऱ्याच काळापासून मुरत बसलं आहे.

इतकं जपायचं कारण असं. चिंब मातीत कण एकमेकांवरून सहज घसरतात. त्यावर पाय पडला की ते जवळ दाबले जातात आणि मोठ्या पोकळ्या मिटतात. पाणी खाली जायचं आणि हवा आत यायची ती याच पोकळ्यांतून. माती वाळल्यावर पोकळ्या आपोआप उघडत नाहीत. म्हणून रोजची पाऊलवाट जिथे जाते, तिथेच पुढच्या पावसात डबकं होतं.

वाफसा आला की पहिली कापणी. एका वेळी पातीच्या उंचीचा एक तृतीयांश भागच काढायचा, हा नियम एरवी मोडला तर गवत सावरून घेतं. आता मुळं अर्धी मेलेली असताना ते सावरत नाही. समजा तुम्ही लॉन चार सेंटिमीटर ठेवता आणि पावसात ते नऊपर्यंत गेलं. पहिल्या दिवशी सहावर आणा, तीन-चार दिवसांनी चारवर. पाती कोरडी असावी, म्हणजे दव गेल्यावर, दुपारकडे कापा. ओली पाती आडवी पडते, कापली न जाता ओरबाडली जाते आणि कापलेल्या गवताचे ओले गोळे लॉनवर बसतात. ते तिथेच राहिले तर खाली पिवळे चट्टे पडतात, म्हणून या एका कापणीचं गवत गोळा करून बाहेर काढा. एरवी ते पसरून ठेवलेलं चांगलंच. मॉवरचं पातं धारदार आहे का, ते कापणीनंतर कळतं. दोन-चार पाती हातात घ्या. टोक सरळ, स्वच्छ असेल तर ठीक. टोकाला पांढरट धागे लोंबत असतील तर पातं बोथट आहे, आणि प्रत्येक फाटलेलं टोक म्हणजे बुरशीला उघडं दार. वायरवर चालणारा विजेचा मॉवर ओल्या गवतावर अजिबात चालवू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता पिवळेपणा. नत्राचा नायट्रेट हा प्रकार पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून जातो. तुंबलेल्या मातीत काही जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. म्हणजे खत लागणार हे खरं. पण मुळं नसताना टाकलेलं खत पुढच्या सरीबरोबर वाहून जाणार, हेही तितकंच खरं. एक झुबका उपटून पाहा. तपकिरी, सहज सोलून निघणाऱ्या मुळांमध्ये नवी पांढरी मुळं दिसू लागली, की खताची वेळ झाली. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. दर चौरस मीटरला पाच ग्रॅम युरिया, म्हणजे शंभर चौरस मीटरला अर्धा किलो, एवढाच द्या. त्यातून नत्र मिळतं सुमारे सव्वादोन ग्रॅम, आणि दुखण्यातून उठलेल्या गवताला पहिला घास तेवढा पुरे. कोरड्या रेतीत मिसळून, पाती कोरडी असताना फेका आणि लगेच हलकं पाणी द्या. ओल्या पातीला दाणा चिकटला की तिथे करपतं. याउलट नवी पाती पिवळी आणि तिच्या शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. तिथे युरिया उपयोगाचा नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग निघता निघत नाहीत.

बुरशीच्या बाबतीत औषध चुकतं ते रोग न ओळखल्यानं. रात्री उबदार, हवा दमट आणि लॉन ओलं असलं की पिथियम येतो. सकाळी लवकर जाऊन पाहा, कारण दव असतानाच तो ओळखू येतो. पाती काळपट, तेलकट, हाताला बुळबुळीत लागते आणि वर कापसासारखं पांढरं जाळं दिसतं. तो पाण्याच्या वाटेनं पसरतो, मॉवरच्या चाकांबरोबरही पसरतो, म्हणून त्याचे पट्टे दिसतात. दुसरा राइझोक्टोनिया. त्याची वर्तुळं असतात, तपकिरी, आणि कडेला कधीकधी धुरकट कडं. पिथियम ही खऱ्या अर्थानं बुरशीच नाही, त्यामुळे घराघरात असलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही, तिथे मेटॅलॅक्झिलच्या गटातलं औषध लागतं. मात्रा लेबलवर असेल तीच. दोन्ही रोग जादा नत्रानं चेकाळतात, युरिया बेतानं म्हटलं ते यासाठीही. छत्र्या उगवल्या तर घाबरू नका, त्या मातीतलं जुनं लाकूड-पाचोळा खातात, गवत नाही. फक्त मुलांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून खुडून टाका. गांडुळांनी वर काढलेले मातीचे गोळे वाळल्यावर खराट्यानं पसरवा. गांडुळं निचऱ्याची बिळं फुकट करून देतात, त्यांना मारायचं नाही.

जिथे दरवेळी पाणी तुंबतं तिथली माती उघडावी लागते, आणि इथे एक चूक फार जण करतात. वरून रेती अंथरतात. चिकणमातीवर रेतीचा थर दिला की पाणी रेतीतून झरझर उतरतं आणि चिकणमातीच्या माथ्यावर थांबतं. मुळंही त्या थरातच राहतात. थोडी रेती मातीत मिसळली तर चिकणमाती तिच्याभोवती भरते आणि वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. खरा उपाय म्हणजे मातीच्या कांड्या बाहेर काढणं. पोकळ दातांचं अवजार मिळालं तर आठ ते दहा सेंटिमीटर खोल, दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर एक भोक पाडा. ते नसेल तर बागेचा चार दातांचा काटा तेवढाच खोल घुसवून किंचित मागेपुढे हलवा. खिळे लावलेल्या चपला घालून फिरणं दिसायला मजेशीर आहे, पण खिळा माती काढत नाही, बाजूला दाबतो. भोकं झाली की चाळलेलं कंपोस्ट आणि जाडी रेती सारख्या भागांनी मिसळून दर चौरस मीटरला पाच लिटर टाका आणि खराट्यानं भोकांत लोटा. हा थर अर्ध्या सेंटिमीटरचा होतो आणि पातींची टोकं वर राहतात. खोलगा भरायचा असेल तरी एका वेळी यापेक्षा फार वर जाऊ नका. जास्त खोल असेल तर गवताची चादर सुरीनं कापून उलटून ठेवा, खाली त्याच जातीची माती भरा आणि चादर परत घाला.

ओलसर जागी लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, हमखास येतो. काडी चिमटीत धरून फिरवली की तीन कडा लागतात, गवताची काडी अशी लागत नाही. हातानं ओढला तर पानं हातात येतात आणि गाठ जमिनीत राहते. साखळीतली एक गाठ तुटली की दुसऱ्या फुटतात. पाच-सहा पानं होण्याआधी, वाफशावर, खुरप्यानं गाठीसकट काढा, आणि पुन्हा फुटला की पुन्हा.

शेवटी पाणी येतं कुठून तेही पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पन्नास मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटर एका पाइपातून उतरतं. तो पाइप लॉनच्या कोपऱ्यात सुटत असेल, तर वरचे सगळे उपाय वाया जातात. आधी पाइप वळवा. मग तीस सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर जमीन चांगली आहे, काटा आणि कंपोस्ट पुरेल. एक सेंटिमीटरही उतरली नाही तर चर हवा, ४५ ते ६० सेंटिमीटर खोल, तळाशी छिद्रांचा पाइप, भोवती खडी, आणि दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. पण खणायला सुरुवात करण्याआधी चराचं दुसरं टोक लॉनपेक्षा सखल अशा कोणत्या जागी निघतं, ते दोरी आणि लेव्हल लावून बघून घ्या.