मुनियाची चोच

(दृश्य: येवल्यातलं पैठणीचं दुकान. पांढऱ्या गादीवर उलगडत जाणाऱ्या साड्या. समोर आई आणि लग्न ठरलेली लेक.)

"प्युअर आहे ना हो दादा?"

दुकानात दोन दिवस कॅमेरा लावून बसलो, तेव्हा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला. दुकानदार म्हणतो, "एकदम प्युअर, मावशी." तो खरं बोलतोय. साडी शुद्ध रेशमाची आहे. पण मावशींच्या मनातला प्रश्न वेगळा आहे. त्यांना विचारायचंय, ही हातानं विणलीय का? ते 'प्युअर' या शब्दाला सांगता येत नाही. तो शब्द धाग्यापुरता. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही चढतं, आणि तिथून उतरलेली साडीही प्युअरच.

(दृश्य: दुकानदाराचे हात. घडी उलगडते, पदर पडतो.)

आता त्याचं बोलणं ऐका. सिंगल मुनिया. ब्रोकेट. कडियल. टेस्टेड. सेमी. पाच मिनिटांत इतके शब्द, आणि लेकीची मान प्रत्येक शब्दाला हलते. अर्थ विचारायला संकोच वाटतो. आम्हालाही वाटला. म्हणून हे शब्द लिहून घेतले आणि मायलेकींना घेऊन दुकानामागच्या गल्लीत गेलो, जिथून ते दुकानात येतात.

(दृश्य: गल्ली. उघडी दारं. मागाचा आवाज काही क्षण मोकळा.)

खट्. थोडा थांबा. पुन्हा खट्. हा थांबा लक्षात ठेवा.

(दृश्य: घराच्या पुढच्या खोलीत खड्डामाग. खड्ड्यात पाय सोडून बसलेले विणकरदादा. शेजारी ताई रहाटावर.)

माग अर्धा जमिनीत आहे. दादा खड्ड्याच्या काठावर बसलेत, पाय खाली पावड्यांवर, म्हणजे मागाच्या पायपट्ट्यांवर. समोर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यांच्यातून आडवा जातो तो बाणा. ताईंच्या हातात असारी आहे, म्हणजे रेशीम गुंडाळून ठेवायची फिरकी. असारीवरचं रेशीम रहाटाच्या फेऱ्यांबरोबर बोटभर लांबीच्या कांडीवर उतरतंय. कांडी भरली की ती धोट्यात बसते. धोटा हा असा, लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा. पैठणीच्या नावांची निम्मी गुपितं या धोट्यात आहेत.

(दृश्य: एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो.)

धोटा एकच असेल आणि तो या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेला, तर ती साडी एकधोटी. बाणा सगळीकडे एकाच रंगाचा. काठाचा ताणा हिरवा असला तरी अंगातला जांभळा बाणा त्यात शिरतो. एकधोटीचा काठ जवळून बघितला तर त्यात अंगाचा रंग मिसळलेला दिसेल. यात कमी प्रतीचं काही नाही. एकधोटीच्या अंगावर साधी बुट्टी असते, पैसा बुट्टी, वाटाणा बुट्टी. नावं स्वयंपाकघरातून आणि कनवटीतून आलेली.

(दृश्य: तीन धोटे. जवळून. सावकाश.)

आणि आता हे तीन धोटे बघा. डावीकडच्या काठाला एक, अंगाला एक, उजव्या काठाला एक. डावा धोटा काठापुरता जातो, अंगाचा धोटा जिथे त्याला भेटतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकतात, आणि दोघेही आपापल्या घरी परततात. उजवीकडे पुन्हा तेच. प्रत्येक ओळीला दोन भेटी. काठाचा ताणाही हिरवा, बाणाही हिरवा. म्हणून काठ निखळ हिरवा राहतो, अंगाचा एक धागाही त्यात येत नाही.

याला म्हणतात कडियल.

दुकानात हा शब्द ऐकला तेव्हा तो एखाद्या डिझाइनचं नाव वाटला होता. डिझाइन तर काठावर काहीही असू शकतं, नारळाच्या नक्षीची नारळी, पाखरांची मुनिया, काहीही. कडियल म्हणजे काठ आणि अंग कसे जोडलेत ते. गल्लीत ऐकलेला तो थांबा याच भेटीचा होता.

(दृश्य: विणकरदादा धागा अडकवतात. निवेदन नाही. सहा ओळी विणून होईपर्यंत दृश्य चालू.)

(दृश्य: ताई साडीचं टोक हातात घेऊन उन्हात हलवतात. जांभळा हिरवट होतो, पुन्हा जांभळा.)

आता अंगाकडे बघा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कापड हललं की रंग बदलतो. याचं नाव धूपछाव. दुकानात याला हल्ली डबल शेड म्हणतात. त्या शब्दात दोन रंग कळतात, पण ताईंच्या हातात आत्ता जे घडतंय ते 'धूपछाव'मध्येच आहे. अर्धं ऊन, अर्धी सावली, आणि दोन्ही एका वेळी.

(दृश्य: दोरीवर वाळणाऱ्या रेशमाच्या लडी. लाल, पोपटी, पांढरा, काळा.)

इथे आम्ही बराच वेळ थांबलो. पैठणीच्या रंगांची जुनी नावं म्हणजे मराठीतला एक खजिनाच. पोपटी रंगाला राघू. शुभ्र पांढऱ्याला शिरोदक, ज्यात क्षीर आणि उदक, दूध आणि पाणी, अजून ऐकू येतात. काळी पैठणी आणि तिला लाल काठ, ती काळी चंद्रकळा. संक्रांतीला काळं नेसतात ते घराघरात माहीत आहे, पण नाव काळोखावरून न ठेवता चंद्राच्या कलेवरून ठेवणारी माणसं कोण असतील, याचा विचार त्या लडींखाली उभं राहून केला. करडईच्या फुलाचा तो कुसुंबी. मग अबोली, मोतिया, डाळिंबी, गुलबक्षी, आमसुली, मोरपंखी. प्रत्येक नावामागे एक फूल, एक फळ, एक पाखरू.

(दृश्य: लेकीच्या मोबाइलवर साडीचा फोटो. दादा तो हातात घेऊन लडींच्या बाजूला धरतात.)

लेकीनं मागितलेला रंग आहे वाईन. तिच्या मैत्रिणीला हवाय ऑनियन पिंक. लासलगावची कांद्याची बाजारपेठ या गल्लीपासून फार लांब नाही, आणि कांद्याच्या पातीपासून सालीपर्यंतचे रंग इथल्या माणसांना पाठ आहेत. तरी 'कांदा रंग' म्हटलं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं दादा सांगतात. ते फोटो बघतात. लडी चाचपतात. एक उचलतात.

"जांभूळ. जरा लालाकडे झुकलेलं."

लेक म्हणते, हो, हाच. तिला हवा होता तो रंग इथे होताच, फक्त त्याचं नाव तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

(दृश्य: पदर. कॅमेरा अगदी जवळ. सोनेरी जमिनीत रंगीत पाखरं.)

पदराला आलो. इथे धोट्याचं राज्य बरंचसं संपतं आणि तिल्लीचं सुरू होतं. तिल्ली म्हणजे रंगीत रेशीम गुंडाळलेली छोटीशी काडी. पदराची जमीन जरीची आणि तिच्यावरचं प्रत्येक पान, प्रत्येक पंख वेगळ्या तिल्लीचा. जिथे हिरवा संपतो आणि जर सुरू होते तिथे दोन धागे एकमेकांना विळखा घालतात. समोर चौकटीच्या कागदावर नक्षी आहे. दादा कागद बघतात, धागे मोजतात, तिल्ली घालतात. एका ओळीत किती तिल्ल्या फिरताहेत ते मोजायचा प्रयत्न करा.

(दृश्य: तिल्ल्यांची रांग. मग कॅमेरा मागाखाली जातो, पदराची उलटी बाजू.)

आणि ही मागची बाजू. पुढची दाखवली असती तरी फरक कळला नसता. लोंबणारे धागे नाहीत, कापलेली टोकं नाहीत. सोनारानं खडा जडवावा तसं रेशीम जरीत जडवलंय, वरून चिकटवलेलं काही नाही. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय.

मग या पाखरांची नावं. बांगडीसारख्या गोलात मोर, तो बांगडी मोर. पेशवाईत मान मिळालेली फुलवेल, ती असावली. अजिंठ्याच्या चित्रांतलं कमळ पदरावर उमललं, ते अजिंठा कमळ. आणि ही मुनिया. पोपटी अंग, चोचीपाशी लाल ठिपका. काठाच्या कडेनं मुनियांची एक ओळ असेल तर ती सिंगल मुनिया, दोन ओळी असतील तर डबल. दुकानातला 'ब्रोकेट' म्हणजे ब्रोकेड, भरगच्च विणकामाचा काठ. लिहून घेतलेल्या यादीतले दोन शब्द इथे सुटले.

(दृश्य: पुन्हा दुकान. गल्ल्याजवळ बसलेले जुने व्यापारी.)

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. महाराष्ट्रातल्या जुन्या बाजारपेठांत व्यापारी आपापसात नंदभाषा बोलत. केवली म्हणजे एक, मुळू म्हणजे पाच, भुरका म्हणजे रुपया. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा आणि त्याला कळू द्यायचा नाही, त्यासाठी ती भाषा. कडियल, तिल्ली, एकधोटी हे शब्द त्या जातीचे नाहीत. विणकरानं कामाला दिलेली ही सरळ नावं आहेत. त्यांचा अर्थ गिऱ्हाइकाला माहीत नाही म्हणून ती काउंटरवर नंदभाषेसारखी वापरली जातात, एवढंच. आम्हाला हे खटकतं, आणि ही फिल्म करण्याचं कारण तेच आहे.

(दृश्य: जरीच्या रिळांचा प्रकाशात झगमगाट.)

टेस्टेड. हा शब्द ऐकून वाटतं, तपासून घेतलेली जर असेल. तसं नाही. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. टेस्टेड जरीत तार तांब्याची, तिच्यावर चांदीचा हात. त्याखालची प्लास्टिक जर. जर येते सुरतेहून, रेशीम बंगळूरकडून. या वाटेवर आम्ही गेलो नाही, पण रीळ येवल्यात उतरताना मिळालं.

(दृश्य: शेजारची खोली. यंत्रमाग. आवाज अखंड.)

सेमी. सेमी पैठणी म्हणजे नक्षी पैठणीची, धागा मिश्र किंवा कृत्रिम, विणणारं यंत्र. हजार-दोन हजारांत मिळते. ज्यांना हातमागाची परवडत नाही त्या बाईनं ती हौसेनं घ्यावी, नेसावी, घडी मोडावी. आमचं म्हणणं इतकंच, की तिला सेमीच म्हणावं. हल्ली नुसत्या छापलेल्या मोरालाही पैठणी म्हणतात. ड्रेस पैठणी, पर्स पैठणी, राखी पैठणी. सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीचं, गोदावरीकाठच्या पैठणचं नाव त्या कापडाला लागलेलं असतं. पैठणहून विणकर येवल्याला आले, येवल्याच्या घराघरात माग बसले, आणि नाव मात्र पैठणचंच राहिलं. २०१० साली 'पैठणी' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी १९८५ सालच्या कायद्याखाली काही कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवलं, त्यात काही प्रकारच्या साड्याही आहेत.

(दृश्य: साडीला लावलेली दोन लेबलं.)

आणि ही दोन चिन्हं. सिल्क मार्क, २००४ पासूनचं, सांगतं की रेशीम शुद्ध आहे. हॅण्डलूम मार्क, २००६ पासूनचं, सांगतं की हातमागावर विणलंय. पहिलं असलं म्हणजे दुसरं आहे असं नाही. पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे जा. 'प्युअर' रेशमाबद्दल सांगतो, 'टेस्टेड' जरीबद्दल, 'हॅण्डलूम' मागाबद्दल, 'कडियल' जोडाबद्दल. एक शब्द ऐकून बाकीच्या तिन्हींचं समाधान करून घेतलं जातं, आणि फसगत होते ती तिथे.

(दृश्य: बंद पडलेला माग. त्यावर ठेवलेल्या गाद्या, शाळेचं दप्तर.)

विणकरदादांच्या घरात पूर्वी दोन हातमाग चालत. आता एक चालतो.

(दृश्य तसंच, दहा सेकंद. निवेदन नाही.)

(दृश्य: दुकान. आई आणि लेक पुन्हा काउंटरवर.)

दोघी आमच्याबरोबर गल्लीत आल्या होत्या. आता परत दुकानात बसल्यात. मावशी काठ दोन बोटांत धरून निरखताहेत. लेक पदर उलटा करते. मागची बाजू डोळ्यांजवळ नेते.

"दादा, ही कडियल ना? जर कुठली, टेस्टेड का?"

दुकानदार क्षणभर तिच्याकडे बघतो. मग समोरची साडी बाजूला सारतो आणि मागच्या कपाटातून दुसरा गठ्ठा काढतो.

(दृश्य: गठ्ठा सुटतो. पहिली घडी उलगडते.)

यातली कुठलीच जांभूळ नव्हती. म्हणून मग ऑर्डर द्यायची ठरली.

(दृश्य: संध्याकाळ. विणकराचं घर. मागावरच्या दुसऱ्या साडीचा पदर. ताई दिवा लावतात.)

तिची साडी मागावर चढायला वेळ आहे. आधी ही उतरायला हवी. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने. दादांनी तिल्ल्या ओळीनं लावून ठेवल्यात, फडकं झाकलंय. उजेड गेला की रंग फसवतात, म्हणून ते रात्री पदराला हात लावत नाहीत.

फडक्याबाहेर एक मुनिया राहिलीय. अंग झालं, पंख झाला, मान झाली. लाल तिल्ली उद्या सकाळी.

(दृश्य: चोच नसलेली मुनिया. अंधार.)