आवाज नेमका कुठे फाटतो?

(दृश्य: टेबलावर उघडलेला अॅम्प्लिफायर, शेजारी ऑसिलोस्कोप.)

‘आवाज फाटतोय.’ दुरुस्तीला सेट घेऊन येणारा प्रत्येक जण एवढंच सांगतो. पण फाटण्याच्या तऱ्हा अनेक, आणि प्रत्येकीचं मूळ सर्किटमध्ये वेगळ्या जागी. म्हणून भाग बदलत सुटण्याआधी विचारायचं: कधी फाटतो? मोठा केल्यावर, की हळू केल्यावर?

या अॅम्प्लिफायरची तक्रार हळू आवाजाची आहे. बासरीचा स्वर विरत जातो आणि शेवटी शेवटी त्याला खरखर चिकटते. आवाज वाढवला की ती झाकली जाते.

(दृश्य: स्क्रीनवर लहर, कॅमेरा मधल्या रेषेवर.)

इनपुटला १ किलोहर्ट्झची स्वच्छ साइन लहर दिली आहे. आउटपुटला तिची टोकं गोल आहेत, उतार गुळगुळीत आहेत. पण शून्याची रेषा ओलांडताना पाहा, ती अडखळते.

इथे आउटपुटला दोन ट्रान्झिस्टर आहेत. एक लहरीचा वरचा अर्धा भाग ओढतो, दुसरा खालचा. बेस आणि एमिटर या त्यांच्या दोन टोकांमध्ये साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय दोघांपैकी कुणीच हलत नाही. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात सुटण्याआधी दुसऱ्या हातानं दोर धरलेला असावा लागतो. इथे मधल्या क्षणी दोर कुणाच्याच हातात नाही. हे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन, म्हणजे शून्य ओलांडताना लहरीचा आकार बिघडणं. सिग्नल लहान झाला तरी हा अडखळा तेवढाच राहतो, म्हणून तो हळू आवाजातच जास्त बोचतो.

मग अशा चुका खोडण्यासाठीच असलेला फीडबॅक इथे काय करतो? २ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन प्रयोगशाळेचे हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीनं कामाला निघाले होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर अनेक अॅम्प्लिफायर एकापुढे एक जोडलेले असत आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन पुढच्यात साचत जाई. ब्लॅक यांनी वर्तमानपत्राच्या पानावरच निगेटिव्ह फीडबॅकची आकृती आणि समीकरणं लिहून काढली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला द्यायचा, म्हणजे चूक स्वतःलाच खोडत जाते. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक. पण दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असतील, त्या क्षणी फीडबॅकनं ओढायचं तरी कुणाला?

(दृश्य: हीटसिंकजवळचा एमिटर रेझिस्टर, त्यावर मल्टिमीटरच्या पिना.)

०.२२ ओहमच्या या रेझिस्टरवर सिग्नल नसताना वीस-पंचवीस मिलिव्होल्ट हवेत. मीटर शून्य दाखवतो. सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारा व्होल्टेज म्हणजे बायस. तो ठरवणारा प्रीसेट, म्हणजे स्क्रूनं फिरवायचा छोटा रेझिस्टर, आतून काळा पडला आहे. नवा बसवून स्क्रू अगदी सावकाश फिरवायचा. जास्त फिरवला, तर दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र चालण्याचा पट्टा रुंदावतो, तिथे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) बदलतो आणि वेगळंच डिस्टॉर्शन सुरू होतं. शिवाय ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो. म्हणून सेट गरम होईपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा मोजायचं.

तक्रार वेगळी असती, तर शोधही वेगळीकडे गेला असता. मोठ्या आवाजात टोकं सपाट होत असतील, तर सप्लायचा व्होल्टेज अपुरा पडतोय. फक्त उंच स्वर बिघडत असतील, तर एखादा टप्पा वेगात मागे पडतोय: १९६८ साली आलेली ७४१ ही अॅम्प्लिफायर चिप मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट चढते, आणि १० व्होल्ट उंचीच्या २० किलोहर्ट्झच्या लहरीला सव्वा व्होल्टचा वेग लागतो. साइनचा त्रिकोण होतो. आणि बिघाड खर्जात असेल, तर सिग्नलच्या वाटेवरचे सिरॅमिक कपॅसिटर तपासा. काहींची क्षमता व्होल्टेजबरोबर घटते.

(दृश्य: पुन्हा स्क्रीन.)

आता आउटपुटमधून मूळ १ किलोहर्ट्झ फिल्टरनं काढून टाकू, आणि उरलेली बाकी मोठी करून पाहू. शून्यापाशी उभे राहणारे काटे गेले आहेत. तरी एक मंद, गुळगुळीत लहर शिल्लक आहे. मूळ लहरीच्या एका फेऱ्यात तिचे दोन फेरे: दुसरी हार्मोनिक. म्हणजे लहरीचा वरचा आणि खालचा भाग कुठेतरी सारखा वागत नाही. अशा वेळी संशय इनपुटच्या जोडीवर जातो, कारण तिथल्या दोन ट्रान्झिस्टरांत प्रवाह समसमान वाटला गेला नाही की नेमकं हेच घडतं.

पिना तिकडे नेऊ. दोन्ही एमिटरना सारखेच रेझिस्टर आहेत. डावीकडे ११० मिलिव्होल्ट. उजवीकडे ८०.