कॅमेरा ट्रॅप लावताना

मंडळी, वाघ मोजायचा म्हटलं की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्लास्टरमध्ये घेतलेला पंजाचा ठसा येतो. ठसा बरंच सांगतो. नखं उमटली नाहीत, म्हणजे कुत्रा किंवा तरस नव्हे. नराचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट. पण तोच पंजा ओल्या रेतीत पसरतो आणि टणक मुरमावर लहान दिसतो. त्यावरून 'हा अमुकच वाघ' असं म्हणणं धोक्याचं आहे. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते, रानात एकही उरला नव्हता! त्यानंतर, २००६ पासून, देशाच्या व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की सेन्सरच्या मदतीने आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आले.

पण म्हणून ठसे पाहणं सोडू नका. कॅमेरा कुठे लावायचा हे तेच सांगतात. गाडीवाट, कोरडा नाला, दोन वाटा मिळतात ती जागा. शेजारी जमिनीवर ओरखडे किंवा विष्ठा दिसली, झाडाच्या बुंध्याला शिजत्या सुवासिक तांदळासारखा वास आला, तर ती जागा पक्की. तो वाघाने मारलेल्या मूत्राच्या फवाऱ्याचा वास असतो.

दर दोन चौरस किलोमीटरला एक जोडी लावायची, वाटेच्या दोन्ही बाजूंना. जोडीच का? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकच बाजू टिपली, तर एका वाघाचे दोन होतात. कॅमेरे वाटेपासून तीन-चार मीटर मागे, जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर बांधा. ते अगदी समोरासमोर नकोत, थोडे पुढेमागे ठेवा, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोवर पांढरा पडतो. कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, सूर्य थेट समोर येतो. मग स्वतः वाटेवरून रांगत जा आणि कॅमेरा टिपतो का ते बघा. वाघाच्या उंचीला तो टिपतो की नाही, हे उभ्याने चालून कळत नाही.

सगळ्यात जास्त घात गवत करतं. तापलेलं एक पातं वाऱ्यावर हललं की कॅमेरा फोटो काढत सुटतो, बॅटरी संपते आणि कार्ड भरतं. समोरचं गवत मुळाशी कापा. सेन्सर जनावराच्या आणि भोवतालच्या उष्णतेतला फरक ओळखतो, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तो आंधळा होतो. तरी बरं, वाघ बहुतेक संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो.

दोन्ही घड्याळं जुळवून घ्या. वेळ चुकली, तर दोन कुशी एकाच जनावराच्या आहेत हे सिद्ध करता येत नाही. पहिला फोटो त्या जोडीच्या जागेचा क्रमांक लिहिलेल्या पाटीचा काढा, कारण कार्डं हमखास सरमिसळ होतात. किमान पंचवीस दिवस कॅमेरे चालू ठेवा. मात्र दिवस फार वाढवले, तर मधल्या काळात नवे वाघ येतात, जुने जातात, आणि हिशोबाचा पायाच हलतो.

फोटो जुळवताना कुशीवरचा एखादा ठळक पट्टा धरा आणि तिथून शेजारच्या फाट्यांकडे जा. बिबट्याच्या बाबतीत हेच ठिपक्यांच्या फुलांवरून करायचं. फोटो धूसर असेल, तर ओढूनताणून नाव देऊ नका, 'ओळख पटली नाही' एवढंच लिहा.