कोयना: साठा किती, आणि गळती किती?

मंडळी, पाऊस लागला की आपण सगळे पेपरात एकच आकडा शोधतो. कोयनेत किती टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी झालं? शंभरी ओलांडली की ऊसवाला निर्धास्त, द्राक्षवालाही निर्धास्त. मला आज बोलायचंय ते हे पाणी अडवून धरणाऱ्या भिंतीबद्दल.

कोयना विजेचं धरण, असं शाळेत शिकवतात. खोटं नाही. शिवसागरातलं, म्हणजे कोयनेच्या जलाशयातलं, बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. पूर्वेला येतं ते आपलं. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालली की 2100 क्युसेक (सेकंदाला 2100 घनफूट) पाणी कोयना नदीत सुटतं, कराडला कृष्णेला मिळतं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप ते उचलतात. तासगावकडे एप्रिलात द्राक्षवेलींची खरड छाटणी झाली की नव्या फुटीला ऐन उन्हात पाणी लागतं, आणि नेमका तेव्हाच साठा खाली गेलेला असतो. दरवर्षीची ओढाताण होते ती इथे.

आता भिंत. रबल काँक्रीटची, 103 मीटर उंच, साठी ओलांडलेली. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला. आराखड्यात गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के जोराचा धक्का धरला होता, आला तो कित्येक पटींनी मोठा. खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पट्ट्यात आडव्या भेगा पडल्या. भिंत मात्र उभी राहिली. मग भेगा भरल्या, पाठीशी काँक्रीटचे टेकू दिले, पुढे सांडव्याचा भागही जाड केला. म्हणजे या धरणाचं वय एकच नाही, अंगावर वेगवेगळ्या काळातलं काँक्रीट आहे.

अशा धरणाच्या पोटात तपासणीची गॅलरी असते. दमट, कडेला गटार, भिंतीवर पांढरे ओघळ. ते ओघळ म्हणजे पाण्याने काँक्रीटमधून विरघळवून आणलेला चुना. गळती म्हटलं की लोक दचकतात. दचकू नका, तळातलं पाणी निघून जावं म्हणून छिद्रं मुद्दामच पाडलेली असतात. त्रिकोणी खाचेवरून पडणारी धार मोजून रोजचा हिशेब ठेवतात. साठ्याची पातळी तीच आणि गळती वाढली, तर कारण शोधायचं. आणि एकदम घटली तर? खूश होऊ नका. छिद्रं चुन्याने बुजली असतील, तर पाणी आत कोंडतं आणि भिंतीला खालून वर उचलू पाहणारा दाब वाढतो. माझ्या मते जुन्या धरणाबाबत गळतीचा हाच आकडा साठ्याइतका महत्त्वाचा.

साठा रोज जाहीर होतो. त्याच्याच शेजारी, त्याच पातळीला गेल्या वर्षी किती गळती होती आणि यंदा किती आहे, हेही छापायला काय हरकत आहे? कालवा सल्लागार समितीत आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीच्या, तारखेवरून तासतासभर भांडण होतं, ते व्हायलाच हवं. पुढच्या बैठकीत तारीख ठरली की उठण्याआधी अधिकाऱ्यांकडून गळतीचे हे दोन आकडे मागून घ्या.